पहिले प्रूफ, पहिले मानधन

मुद्रितशोधनाचे काम मागायला गेलेल्या नवख्या माणसाला बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न ऐकावा लागतो : आधी कुठे केले आहे का? नाही म्हटले, की बोलणे संपते. अनुभवाशिवाय काम नाही आणि कामाशिवाय अनुभव नाही, या कोंडीत भाषेची उत्तम जाण असलेली कितीतरी माणसे अडकून पडतात. यात निवृत्त शिक्षक असतात, मराठी घेऊन एम. ए. झालेली मुले असतात, घर सांभाळून काही करू पाहणाऱ्या स्त्रिया असतात. दुसरीकडे चुकांनी भरलेली पुस्तके, अहवाल आणि अंक रोज छापले जात असतात. काम आहे आणि माणसेही आहेत, पण त्यांची गाठ पडत नाही.

ती गाठ पडू शकते, कारण या व्यवसायाचे एक वैशिष्ट्य आहे. इथे पदवी किंवा शिफारसपत्र फार काळ साथ देत नाही. तपासलेले एक पान समोर ठेवले, की जाणकाराला पाच मिनिटांत माणसाची नजर कळते. असे पान कुणाच्याही परवानगीशिवाय, आज संध्याकाळी घरी बसून तयार करता येते. ते कसे तयार करायचे, कुणाला दाखवायचे आणि त्याचे पैसे कसे मागायचे, एवढेच शिकायचे आहे.

काम नेमके कोणते

प्रुफे तपासणे म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ सुधारणे, असा सार्वत्रिक समज आहे. तो अपुरा आहे. अक्षरजुळणी आणि मांडणी झालेला मजकूर छपाईला जाण्याआधी डोळ्यांखालून घालणे, तो मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहणे आणि त्यातली विसंगती समासात खुणांनी दाखवणे म्हणजे मुद्रितशोधन. लेखकाची वाक्ये नव्याने लिहिणे, प्रकरणांचा क्रम बदलणे, कंटाळवाणा भाग कापणे ही संपादकाची कामे आहेत. नवखा माणूस उत्साहाच्या भरात ही सीमा ओलांडतो आणि लेखक दुखावतो. मुद्रितशोधकाने चूक असेल तिथे दुरुस्ती करावी आणि शंका असेल तिथे प्रश्न विचारावा. लेखकाची आवड वेगळी असेल तिथे हात लावू नये.

उदाहरण घेऊ. समजा, एका पतसंस्थेच्या वार्षिक अहवालात असा मजकूर आहे : ‘संस्थेच्या स्थापने पासून सभासदांच्या ठेवीत सातत्याने वाढ होत आहे. मागील वर्षी ठेवी रु. ४,३५,००,००० होत्या. त्या चालु वर्षी १२ टक्क्याने वाढून रु. ४,७८,२०,००० झाल्या आहेत.’

पहिल्या वाचनात सराईत नजरेला चार गोष्टी दिसतात. ‘पासून’ हे शब्दयोगी अव्यय आहे, म्हणून ‘स्थापनेपासून’ असे जोडून हवे. ठेवी अनेक आहेत, म्हणून ‘ठेवींत’ असा अनुस्वार हवा. ‘चालु’ऐवजी ‘चालू’ आणि ‘टक्क्याने’ऐवजी ‘टक्क्यांनी’ हवे. इथे थांबणारा माणूस शुद्धलेखन जाणतो, एवढेच म्हणता येईल. मुद्रितशोधक आकड्यांकडे वळतो. चार कोटी पस्तीस लाखांचे १२ टक्के म्हणजे ५२ लाख २० हजार. बेरीज ४,८७,२०,००० होते आणि छापले आहे ४,७८,२०,०००. जुळणी करताना ८ आणि ७ यांची अदलाबदल झालेली दिसते. पण कदाचित रक्कम बरोबर असून टक्केवारी चुकलेली असेल. म्हणून आकडा स्वतः न बदलता समासात प्रश्नचिन्ह देऊन लिहायचे : ‘१२ टक्के वाढ धरल्यास ही रक्कम ४,८७,२०,००० येते. कृपया ताळेबंदावरून तपासावी.’

या एका टिपणामुळे ताळेबंद आणि अहवाल यांतली विसंगती छापण्याआधीच पकडली जाते आणि वार्षिक सभेत पदाधिकाऱ्यांवर खुलासे करत बसायची वेळ येत नाही. असे टिपण ज्याच्या हाती पडते, तो पुन्हा अनुभवाचा प्रश्न विचारत नाही.

पाया पक्का हवा

मराठी लेखनाचे आजचे नियम ठरलेले आहेत आणि ते फार नाहीत. मराठी साहित्य महामंडळाने केलेले १४ नियम राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. हे १८ नियम उदाहरणांसह पाठ असणे ही किमान पात्रता समजावी. मो. रा. वाळंबे यांचे ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’, यास्मिन शेख यांची ‘मराठी लेखन मार्गदर्शिका’ आणि अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ ही पुस्तके टेबलावर हवीत. फडक्यांचे ‘शुद्धलेखन ठेवा खिशात’ हे छोटे पुस्तक तर प्रवासातही जवळ बाळगण्यासारखे आहे.

नियमांतली गुंतागुंत सामान्यरूपांत आणि समासांत आहे. ‘गरीब’ दीर्घ, पण ‘गरिबाला’ ऱ्हस्व. ‘वकील’ आणि ‘वकिलाला’ यांचेही तसेच. ‘शरीर’ हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, म्हणून ‘शरीराला’ दीर्घच राहतो. ‘कवी’ आणि ‘बुद्धी’ सुटे असताना दीर्घ, पण समासात पहिले पद झाले, की ‘कविचरित्र’ आणि ‘बुद्धिवैभव’ असे ऱ्हस्व होतात. ‘दिवाळी’ ऱ्हस्व आणि ‘दीपावली’ दीर्घ, हे तर दर वर्षी शेकडो शुभेच्छाफलकांवर चुकते. ‘तज्ज्ञ’, ‘उज्ज्वल’, ‘महत्त्व’, ‘ज्येष्ठ’, ‘कवयित्री’, ‘पारंपरिक’, ‘आशीर्वाद’, ‘शीर्षक’ अशा नेहमी चुकणाऱ्या शब्दांची स्वतःची यादी करावी आणि ती वाढवत न्यावी.

कोश वापरतानाही एक पथ्य आहे. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ अर्थासाठी अमोल आहेत, पण दोन्ही १९६२ पूर्वीचे आहेत. त्यांतले लेखन आजच्या नियमांप्रमाणे नाही. शब्दाचा अर्थ तिथे पाहावा आणि लेखन लेखनकोशात तपासावे.

नियमांइतकेच तांत्रिक ज्ञान आज महत्त्वाचे झाले आहे. मराठीतला बराच जुना मजकूर श्रीलिपी, आकृती अशा युनिकोडपूर्व फाँटांत साठवलेला आहे. तो युनिकोडमध्ये बदलताना किंवा पीडीएफमधून उचलताना ठरावीक ठिकाणी मोडतो. ‘सर्व’मधला रफार पुढे सरकून ‘सवर्’ होते. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते. असे शब्द एका झटक्यात बदलण्याची आज्ञा संगणकाला देण्याचा मोह होतो, पण सगळीकडे ‘र्य’चे ‘ऱ्य’ केले, तर ‘कार्य’ आणि ‘सूर्य’ही बिघडतात. त्याहून अवघड जागा ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांची. समुद्र आणि डोंगरांमधल्या दऱ्या हे दोन्ही शब्द मराठीत आहेत. ‘आचार्यांना निमंत्रण दिले’ आणि ‘आचाऱ्यांना निमंत्रण दिले’ ही दोन्ही वाक्ये व्याकरणात बसतात, फक्त एका ठिकाणी विद्वान येतात आणि दुसऱ्या ठिकाणी स्वयंपाकी. संगणकाचा शुद्धलेखन तपासनीस अशा ठिकाणी गप्प बसतो, कारण शब्द त्याच्या यादीत असतो. दिन आणि दीन, सुत आणि सूत, शिर आणि शीर या जोड्यांचेही तसेच आहे. हल्ली अनेक लेखक मोबाइलवर बोलून मजकूर उतरवतात. त्यात उच्चाराने जवळ असलेल्या शब्दांची अशी अदलाबदल सर्रास होते. संदर्भ वाचणारी माणसाची नजर म्हणूनच अजून लागते.

अनुभव कुठून आणायचा

अनुभव मिळवण्यासाठी कुणाचे सबंध पुस्तक फुकट तपासून देण्याची गरज नाही. त्याहून चांगले दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग मराठी विकिस्रोताचा. या मुक्त ग्रंथालयात प्रताधिकाराची मुदत संपलेली जुनी पुस्तके चढवली जातात. भारतात ही मुदत सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची असते. पडद्यावर एका बाजूला छापील पानाचे चित्र दिसते आणि दुसऱ्या बाजूला यंत्राने वाचून काढलेला मजकूर. तो मजकूर चित्राशी ताडून दुरुस्त करायचा असतो. न तपासलेले पान लाल, एकाने तपासलेले पिवळे आणि दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा पडताळलेले पान हिरवे दाखवले जाते. तुम्ही केलेली प्रत्येक दुरुस्ती तुमच्या सदस्यनावाखाली तारीखवार नोंदली जाते आणि ती कुणालाही पाहता येते. कामाची एवढी पारदर्शक नोंद दुसरीकडे सहसा मिळत नाही. कुणी अनुभव विचारला, तर तपासून पूर्ण झालेल्या पुस्तकाचा दुवा देता येतो.

मात्र या सरावाची मर्यादा लक्षात ठेवावी. जुन्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार पानोपानी असतात आणि तिथे ते मुळाबरहुकूम ठेवायचे असतात. हा सराव मूळ प्रतीशी इमान राखायला शिकवतो. आजचे नियम लावण्याचा सराव वेगळा करावा लागतो.

त्यासाठी दुसरा मार्ग. घरात येणारे छापील साहित्य घ्यावे. गृहनिर्माण संस्थेचा अहवाल, एखादी स्मरणिका, क्लासची माहितीपुस्तिका, शाळेचे वार्षिक, यांपैकी काहीही चालेल. त्यातली चार-पाच पाने निवडून पद्धतशीर तपासावीत. एकाच वाचनात सगळे पाहायचा हट्ट धरू नये. एकदा अर्थ लावत वाचावे आणि एकदा अर्थाकडे दुर्लक्ष करून अक्षर-अक्षर वाचावे. तिसऱ्यांदा फक्त आकडे, तारखा आणि वार, नावे, पृष्ठक्रमांक, चित्रओळी आणि अनुक्रमणिका पाहाव्यात. मोठ्या टायपातली शीर्षके आवर्जून पुन्हा पाहावीत, कारण ती वाचली असे गृहीत धरूनच नजर पुढे जाते. मग त्या पानांची एक स्वच्छ प्रत तयार करावी. डावीकडे खुणा केलेले मूळ पान, उजवीकडे दुरुस्त पान आणि खाली प्रत्येक बदलाचे एका ओळीत कारण द्यावे. मूळ संस्थेचे नाव झाकावे. असे तीन नमुने वेगवेगळ्या प्रकारच्या मजकुरांचे असावेत : एक आकड्यांनी भरलेला, एक ललित आणि एक माहितीपर.

दुसऱ्यांच्या चुका समाजमाध्यमांवर टांगून आपले ज्ञान दाखवण्याचा मार्ग मात्र टाळावा. ज्याची चूक चारचौघांत दाखवली, तो काम देत नाही, आणि ते पाहणारे बाकीचेही बिचकतात.

काम कुठे असते आणि कधी असते

मुद्रितशोधन म्हटले, की मोठ्या प्रकाशनसंस्था डोळ्यांसमोर येतात. पुण्यामुंबईच्या नामांकित प्रकाशकांकडे बहुधा वर्षानुवर्षांचे ठरलेले शोधक असतात. तिथे नमुना जरूर पाठवावा, पण पहिले काम तिथूनच येईल अशी आस लावून बसू नये. पहिले काम बहुतेक वेळा अशा ठिकाणी सापडते, जिथे छापण्याची तारीख जवळ आलेली असते आणि तपासायला कुणीच नसते.

अशा ठिकाणांत सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे गावातले, पेठेतले अक्षरजुळणीचे दुकान, म्हणजेच डीटीपी सेंटर. पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापणारा लेखक, प्रबंध घेऊन आलेला संशोधक, स्मरणिका काढणारे मंडळ, ग्रामपंचायत आणि पतसंस्था हे सगळे इथे येतात. जुळणी करणाऱ्याला चुका दुरुस्त करण्यात वेळ घालवायचा नसतो आणि ग्राहक प्रूफ नीट वाचत नाही. छपाईनंतर चूक दिसली, की मात्र दोघांचे भांडण होते. ‘प्रूफ तपासायला माणूस आहे, पानामागे इतके पडतील’ असे ग्राहकाला सांगता येणे हे त्या दुकानदाराच्याही फायद्याचे असते. अशा दोन-तीन दुकानांशी ओळख झाली, की कामाचा ओघ तिथूनच सुरू होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे हंगाम ओळखणे. महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. सभेआधी अहवाल सभासदांच्या हाती पडायला हवा. त्यामुळे जुलै ते सप्टेंबर हे अहवालांचे महिने. राज्यात गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, दूधसंस्था, सेवा सोसायट्या गावोगावी आहेत. त्यांच्या अहवालांची भाषा ठरावीक साच्याची असते, आकडे मात्र दर वर्षी नवे. नवख्याला सुरुवात करायला हे काम फार चांगले.

त्याच सुमारास दिवाळी अंकांची धावपळ सुरू होते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा आजही शेकडो अंक काढते. लेख उशिरा येतात आणि जाहिराती तर त्याहून उशिरा. शेवटच्या तीन आठवड्यांत सगळी पाने एकदम तपासायला येतात. नेहमीच्या शोधकाला ती झेपत नाहीत आणि एरवी दार न उघडणारे संपादकही तेव्हा मदत शोधत असतात. त्यासाठी विचारणा मात्र जुलै-ऑगस्टमध्येच झालेली असावी. अंकाच्या गर्दीत नवा माणूस पारखायला कुणाला सवड नसते.

दिवाळीनंतर पुस्तकांचा हंगाम येतो. साहित्य संमेलन, ग्रंथप्रदर्शने आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन डोळ्यांसमोर ठेवून अनेक पुस्तके प्रकाशित होतात. स्वखर्चाने छापलेल्या आत्मचरित्रांना आणि कवितासंग्रहांना घरच्या समारंभांची तारीख गाठायची असते. उन्हाळ्यात क्लासच्या नोट्स, मार्गदर्शके आणि प्रवेशाची माहितीपत्रके निघतात. पीएच. डी.चे मराठी प्रबंध वर्षभर सादर होत राहतात. त्यांत संदर्भसूची, तळटीपा आणि अवतरणे तपासण्याचे किचकट काम असते, पण प्रबंध तपासताना मजकुरात भर घालायची नाही, हे आधीच स्पष्ट करावे. ते लेखन संशोधकाचेच राहायला हवे.

याखेरीज संगणकावरचे नवे कामही वाढते आहे. ॲप, संकेतस्थळे, विम्याची आणि बँकांची माहितीपत्रके, चित्रपट-मालिकांच्या उपशीर्षकांची भाषांतरे मराठीत होत असतात. ही कामे बहुधा भाषांतरसंस्थांमार्फत येतात. त्या चाचणी घेतात आणि उत्तम केलेली चाचणी तिथेही अनुभवाची जागा भरून काढते.

विचारायचे कसे

‘काही काम असेल तर कळवा’ या वाक्याला सहसा उत्तर येत नाही, कारण त्यात वाचणाऱ्याने काय करायचे ते नसते. विचारणा नेमकी, छोटी आणि निर्दोष असावी. तीत एखादी जरी चूक राहिली, तरी नमुना कुणी उघडणार नाही. असा मजकूर पुरतो :

‘नमस्कार. मी मराठी मुद्रितशोधनाचे काम करते. आपल्या संस्थेचा वार्षिक अहवाल ऑगस्टमध्ये छपाईला जातो, असे कळले. त्यातील कोणतीही दोन पाने पाठवावीत. दुसऱ्या दिवशी तपासून देईन, त्याचे शुल्क नाही. काम पटल्यास पूर्ण अहवालाचा दर आणि मुदत ठरवू. मी तपासलेल्या पानांचे तीन नमुने सोबत जोडले आहेत.’

यात अनुभवाबद्दल खोटे बोललेले नाही आणि दीनवाणी विनंतीही नाही. समोरच्याचे काम, त्याची वेळ आणि पुढची एक सोपी पायरी, एवढेच आहे. दोन पाने फुकट तपासणे हा नमुना झाला. चाचणीच्या नावाखाली कुणी सबंध प्रकरण पाठवले, तर नम्रपणे दर सांगावा. आठवड्याने एकदा आठवण करावी. उत्तर आले नाही, तर पुढच्या ठिकाणी जावे आणि पुढच्या हंगामात पुन्हा विचारावे. ज्याला जुलैमध्ये गरज नव्हती, त्याला सप्टेंबरच्या शेवटी ती असू शकते.

पैशांचे बोलणे

पहिल्या कामाचे पैसे मागताना मराठी माणसाची जीभ अडखळते. भाषेची सेवा आहे, पैसे कसे मागायचे, असे वाटते. पण कागदवाला, मुद्रक, बाइंडर यांना पैसे मिळतात, मग शोधकालाही मिळायलाच हवेत. पहिले काम छोटे असावे, स्वस्त असले तरी चालेल, पण फुकट नसावे. ज्या कामाला मोल लावले जाते, त्यातली टिपणेही गांभीर्याने वाचली जातात.

पुस्तकांच्या व्यवहारात दर पानावर किंवा फॉर्मवर ठरतो. नेहमीच्या डेमी आकाराच्या पुस्तकात १६ पानांचा एक फॉर्म धरतात, म्हणजे १६० पानांचे पुस्तक १० फॉर्मांचे. पान लहान-मोठे असू शकते, टाइपही बदलतो, म्हणून हजार शब्दांमागे दर ठरवणे अधिक रास्त. मात्र इंग्रजीतला शब्दांचा दर मराठीला जसाच्या तसा लावू नये. ‘घरापासूनच’ हा मराठीत एक शब्द मोजला जातो, इंग्रजीत तोच आशय तीन-चार शब्दांचा होतो.

दर सांगण्याआधी आपला वेग घड्याळ लावून मोजावा. समजा, पहिले प्रूफ तासाला ८ पाने या गतीने वाचून होते. १६० पानांना २० तास लागतील. दुरुस्त्या झाल्यावर दुसरे प्रूफ ताडायला आणखी ६ तास धरले, तर एकूण २६ तास होतात. कुणी ४,००० रुपये देऊ केले, तर तासाला सुमारे १५४ रुपये पडतात. हा बाजारभाव नव्हे, हिशोबाची रीत आहे. ही रीत अंगवळणी पडली, की कोणते काम घ्यायचे आणि कोणते सोडायचे, हे भिडेखातर ठरत नाही.

बोलणे झाले, की सगळे लेखी घ्यावे. व्हॉट्सॲपवरचा संदेशही चालतो. पाने किती, प्रुफे किती वेळा पाहायची, मुदत कोणती, दर किती आणि पैसे केव्हा मिळणार, हे पाच मुद्दे त्यात असावेत. मोठ्या कामाला काही रक्कम आगाऊ मागण्यात संकोच नसावा. काम देताना पॅन क्रमांकासह बिल द्यावे. पैसे देणाऱ्याने टीडीएस कापला असेल, तर तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवता येतो आणि कर लागू नसेल, तर परत मिळतो. जीएसटीची चिंता सुरुवातीला करायला नको, कारण सेवा पुरवणाऱ्यांसाठी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीची आहे. काम वाढू लागले, की ‘उद्यम’ नोंदणी करून घ्यावी. ती मोफत असते. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेपर्यंत आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात. उशीर झाला, तर व्याज मागता येते आणि तक्रारीची शासकीय सोयही आहे.

घरबसल्या कामाचे सापळे

गरजू माणसाला फसवणारे या क्षेत्रातही आहेत. ‘घरबसल्या प्रुफरीडिंग, रोज हजारो रुपये’ अशा जाहिरातीमागे आधी नोंदणीशुल्क किंवा अनामत मागितली जाते. दुसरा प्रकार अधिक त्रासाचा. मोठा मजकूर काही दिवसांत पूर्ण करायला दिला जातो, करारावर ऑनलाइन सही घेतली जाते आणि मग अचूकता अपुरी असल्याचे सांगून दंडाची मागणी होते. वकिलाच्या नावाने धमकीच्या नोटिसा येतात. खरे काम देणारा पैसे देतो, मागत नाही. पैसे मागणारा कुणीही असो, तिथेच थांबावे. फसवणूक झालीच, तर घाबरून आणखी पैसे भरू नयेत. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

पहिले काम हातात आल्यावर

पहिल्या कामात सगळे लक्ष दुसऱ्या कामाच्या पायाभरणीवर असावे. सुरू करण्याआधी त्या प्रकाशकाची लेखनशैली विचारावी. अंक देवनागरी ठेवायचे की रोमन, ‘वेबसाइट’ की ‘वेबसाईट’, निवेदनात ‘केले’ की ‘केलं’, अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी, हे प्रश्न नियमांनी सुटत नाहीत, ते त्या घराच्या रिवाजाने सुटतात. उत्तरे एका कागदावर मांडावीत आणि वाचताना नवे निर्णय त्यात भरत जावेत. पान १२ वर ‘मोहंमद’ आणि पान ९० वर ‘महंमद’ होणे असे टळते. जुन्या फाँटातला मजकूर असेल, तर दुरुस्त्या छापील प्रतीवर किंवा पीडीएफवरच्या टिपांत दाखवाव्यात. वर्डमधला असेल, तर केलेले बदल दिसत राहतील अशी सोय चालू ठेवावी. कोणताही बदल लपून राहू नये. लेखकाचे अप्रकाशित हस्तलिखित त्याला न विचारता कोणत्याही बाहेरच्या संगणकीय साधनात टाकू नये, आणि त्यातली गंमतही कुणाला सांगू नये.

मुदत पाळता येणार नसेल, तर ते आधी कळवावे. मुद्रकाकडे यंत्राची वेळ ठरलेली असते आणि एका दिवसाच्या उशिराने सगळ्यांचीच साखळी तुटते. काम देताना दुरुस्त प्रतीबरोबर शंकांची यादी आणि शैलीचा तो कागदही द्यावा. पुढच्या वर्षीच्या अहवालाला किंवा पुढच्या पुस्तकाला तो कागद उपयोगी पडतो, आणि तो ज्याने केला त्याची आठवण त्याच्याबरोबर राहते. काम पटले असेल, तर दोन ओळींचा अभिप्राय मागून घ्यावा. पहिल्या दिवशी ज्या प्रश्नावर बोलणे संपत होते, त्याचे उत्तर आता दुसऱ्याच्या शब्दांत देता येते.

मराठीत लिहिणारे वाढले आहेत आणि छापणे सोपे झाले आहे. तपासणारे मात्र त्या प्रमाणात वाढलेले नाहीत. चुकीची रक्कम, चुकीचे नाव, चुकलेला शब्द वाचकापर्यंत पोचतो, तेव्हा त्या मजकुरावरचा आणि हळूहळू त्या भाषेतल्या छापील शब्दावरचा विश्वास कमी होतो. तो विश्वास राखणारी माणसे गावोगावी हवी आहेत. नीट वाचता येणाऱ्या प्रत्येकाने यंदाचा अहवालांचा हंगाम सुरू होण्याआधी आपले तीन नमुने तयार ठेवावेत आणि जवळच्या जुळणीच्या दुकानाची पायरी चढावी.